परमुलखातला सोफा

(आकाशवाणीवर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



आजचा विषय वरवर पाहता अगदी किरकोळ आहे. परदेशात राहणाऱ्या नवरा-बायकोनं घरातलं फर्निचर घेताना एकमेकांशी जुळवून कसं घ्यायचं? तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय आहे? सोफा हिरवा की तपकिरी, पलंग चार फुटी की पाच फुटी, एवढंच ना? मलाही असंच वाटायचं. पण शारजात नऊ वर्षं संसार केला आणि लक्षात आलं, की आमच्या घरात जेवढी भांडणं सोफ्यावरून झाली तेवढी पैशावरून झाली नाहीत, नातेवाइकांवरूनही झाली नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्यातलं एकही भांडण सोफ्याचं नव्हतं. ते कशाचं होतं, तेच आज सांगायचं आहे.

आमच्या कोकणातल्या माणसाला आखात परकं नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, तिकडे इमारती, रस्ते, बंदरं उभी राहू लागली आणि खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण, राजापूर, श्रीवर्धन, म्हसळा या भागांतल्या गावांतून तरुण पोरं कुवेत, बहरीन, दुबई, मस्कत असं करत निघाली. पहिल्या पिढीतले बहुतेक जण एकटेच राहायचे. एका खोलीत सहा-आठ जण, दोन मजली लोखंडी खाटा, खिळ्याला अडकवलेले कपडे आणि खाटेखाली बॅग. त्यांना फर्निचरचा प्रश्नच नव्हता. प्रश्न सुरू झाला तो बायका तिकडे जायला लागल्यावर.

मी १९९७ मध्ये शारजाला गेलो. वर्षभरानं बायको आली. बायकोला आणायचं तर पगार किमान चार हजार दिरहम हवा, किंवा तीन हजार आणि राहायची जागा कंपनीची हवी, असा नियम होता. तो आकडा कसाबसा गाठला. रोला भागात आम्ही एका फ्लॅटमध्ये एक खोली घेतली. दुसऱ्या खोलीत सातारकडचं एक जोडपं. स्वयंपाकघर दोघांचं मिळून. याला तिकडे ‘शेअरिंग’ म्हणतात. खोलीत आधीच्या माणसानं सोडलेली एक गादी आणि एक प्लास्टिकची खुर्ची होती. मला वाटलं, झालं की घर!

बायको तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अहो, कोणी घरी आलं तर बसायचं कुठे?”

मी म्हटलं, “कोण येणार आहे? आणि आपण इथे किती दिवस राहणार? चार वर्षं काढायची आणि जायचं. सामान जमवलं तर परत न्यायचं कसं?”

ती काही बोलली नाही. फक्त कोपऱ्यातल्या तीन पुठ्ठ्याच्या खोक्यांकडे तिनं पाहिलं. त्यात माझी पुस्तकं होती. “ही परत कशी न्यायची ते ठरलंय वाटतं,” ती म्हणाली.

आता मी असा हट्ट का धरत होतो, तेही सांगायला हवं. माझे मोठे मामू कुवेतला होते. १९७९ मध्ये गेले, दोन-तीन वर्षांत मामीला नेलं, मुलं तिथंच झाली. चांगला फ्लॅट, सोफा, काचेचं टेबल, सहा खुर्च्या. गावी फोटो यायचे तेव्हा आम्ही माणसांपेक्षा मागचं सामानच बघायचो. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. तिथल्या हिंदुस्थानी लोकांना बसनं बगदादमार्गे जॉर्डनमध्ये अम्मानला आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला आणण्यात आलं. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं अशी आली. मामू-मामी त्यांतच होते. मी तेव्हा बीएला होतो, त्यांना आणायला विमानतळावर गेलो. चौघांत मिळून दोन बॅगा. मामूंच्या खिशात फ्लॅटची चावी होती, ती त्यांनी गावी आल्यावर ओटीवरच्या खुंटीला अडकवली. युद्ध संपल्यावर ते पुन्हा गेले, तेव्हा घर होतं, पण घरात सामान म्हणून काही उरलं नव्हतं. आखातात सामान जमवायचं नाही, हा धडा मी त्या चावीकडे बघून शिकलो होतो.

बायकोला मी हे दहादा ऐकवलं असेल. एकदा सुट्टीत गावी आलो असताना तिनं थेट मामींनाच विचारलं. मामी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याला सांग, सोफा गेला त्याचं मला काही वाटत नाही. त्या सोफ्यावर मी आठ वर्षं बसले. पोरं त्यावर उभी राहायला शिकली. बसलेलं कोणी लुटून नेत नाही. वाईट वाटतं ते त्या बाहेरच्या सोफ्याचं.”

‘बाहेरचा सोफा’ म्हणजे गावच्या घरातला. तो कुवेतहून नाही, मुंबईहून आणला होता, परत आल्यावर बसायला म्हणून. दहा वर्षं तो प्लास्टिकच्या आवरणात होता.

श्रोतेहो, हे चित्र आमच्या गावांत आजही दिसतं. रस्त्याच्या कडेला दुमजली बंगला, खाली टाइल्स, वर टाइल्स, दिवाणखान्यात सोफा, शोकेस, झुंबर आणि बाहेर कुलूप. राहायला एक म्हातारी, तीसुद्धा मागच्या पडवीत बाजेवर झोपते. ज्यांनी हे सगळं घेतलं ते आखातात एका खोलीत, जुन्या गादीवर झोपतात. जिथं राहत नाही तिथं घर सजवायचं आणि जिथं राहतो तिथं पाहुण्यासारखं राहायचं, असा हा उलटा संसार.

ब्रिटनमध्ये मुहंमद अन्वर नावाच्या अभ्यासकानं १९७९ मध्ये तिथल्या पाकिस्तानी लोकांवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ असा, की परत जाणं ही एक दंतकथा आहे. माणसं ‘पुढच्या वर्षी जाणार’ म्हणत राहतात, त्या बोलण्यावर आयुष्याची सगळी मांडणी करतात आणि वर्षं उलटत जातात. आखातात गोष्ट जरा वेगळी आहे. तिथं बहुतेकांना खरोखरच परत यावं लागतं, कारण राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. माझ्या वेळी तो तीन वर्षांचा असायचा. खासगी नोकरीतल्या बहुतेकांना आता तो दोन वर्षांचाच मिळतो. नोकरी सुटली की त्या काळी महिनाभरात देश सोडावा लागे. मात्र परवाना पुन्हा पुन्हा वाढतही जातो. दोन-दोन, तीन-तीन वर्षं करत माणूस तीस वर्षं तिथं काढतो. म्हणजे तो तात्पुरता असतो, पण तात्पुरता असण्यातच त्याची तरुणाई संपते.

आता आमचं भांडण कशाचं होतं ते तुमच्या लक्षात आलं असेल. मी परत जाण्याच्या दिवसाचा हिशेब करत होतो. ती आजच्या दिवसाचा करत होती. मी दिवसभर कचेरीत असायचो, तिथं मला टेबल होतं, खुर्ची होती, चहा देणारा माणूस होता. मी खोलीवर फक्त झोपायला यायचो. ती चोवीस तास त्याच चार भिंतींत. तिच्यासाठी ती खोली मुक्कामाची जागा नव्हती, अख्खा गाव होता. म्हणून मी सगळ्या जोडप्यांना सांगतो, दुकानात जाण्याआधी रंग आणि किंमत ठरवू नका. आधी एकमेकांना विचारा, आपण इथे किती दिवस राहणार आहोत असं तुला वाटतं? दोघांची उत्तरं वेगळी येतील. ती वेगळी आहेत हे एकदा कळलं, की निम्मं भांडण तिथंच मिटतं.

उरलेलं निम्मं मात्र खरंच लाकडाचं, भिंतींचं आणि फुटांचं असतं. त्याबद्दल थोडं.

पहिली गोष्ट भिंतीची. तिकडच्या खोलीत एका भिंतीत खिडकी आणि विंडो एसी, दुसरीत दार, तिसरीत भिंतीतलं कपाट. पलंग लावायला एकच भिंत उरते. आम्हा मुसलमानांत किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, पाय करून झोपत नाहीत. गावी हे सोपं होतं, किबला साधारण समुद्राच्या बाजूला, पश्चिमेला. शारजातूनही तो पश्चिमेलाच, जरासा दक्षिणेकडे झुकलेला. आणि आमची ती एकमेव मोकळी भिंत अशी, की पलंग लावला की पाय नेमके पश्चिमेला! शेजारच्या खोलीतल्या वहिनींची अडचण वेगळी. त्यांच्या सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, दक्षिणेकडे पाय करून झोपायचं नाही. त्यांची मोकळी भिंत नेमकी तशी होती. शेवटी दोन्ही घरांत एकच तोडगा निघाला. पलंग भिंतीला डोकं न लावता आडवा टाकला, एका बाजूनं चढा-उतरायचं. आतल्या बाजूला झोपणाऱ्यानं रात्री उठायचं झालं तर दुसऱ्याला ओलांडून जायचं. तिकडे देव्हारा स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात गेला, इकडे मुसल्ला अंथरण्यापुरती चार फूट जागा कायम मोकळी ठेवायची ठरली. त्या चार फुटांत काहीही ठेवायचं नाही, पुस्तकांचं खोकंसुद्धा नाही. हा नियम बायकोनं केला आणि तो मला मान्य करावाच लागला.

दुसरी गोष्ट हवेची. लग्नात बायकोला माहेरून सागवानी पाट मिळाला होता, तो तिनं हौसेनं सोबत आणला होता. वर्षाच्या आत त्याला उभी फट पडली. ती हिरमुसली. लाकूड हवेतला ओलावा धरतं आणि सोडतं. कोकणातल्या दमट हवेत फुगून बसलेलं लाकूड एसीच्या कोरड्या खोलीत आकसतं आणि तडकतं. याच्या उलटही होतं. तिकडचं स्वस्त फर्निचर बहुतेक लाकडाचा भुसा डिंकासारख्या रसायनात दाबून केलेल्या फळ्यांचं असतं. वरून गुळगुळीत, दिसायला झकास. आमच्या ओळखीच्या एका जोडप्यानं असं अख्खं कपाट कार्गोनं गावी पाठवलं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दोन पावसाळ्यांत फळ्या फुगल्या, दारं लागेनात, स्क्रू सुटले. तेव्हा ‘परत नेता येईल’ म्हणून महाग वस्तू घेण्यात फारसा अर्थ नाही. वस्तू ज्या हवेसाठी केलेली असते तिथंच ती टिकते. तिथली वस्तू तिथंच वापरून संपवावी.

तिसरी गोष्ट जुनं की नवं. आखातात कोणी ना कोणी सारखं जात-येत असतं, त्यामुळे जुन्या सामानाचा बाजार मोठा. आमच्या वेळी सुपरमार्केटच्या दाराशी फळा असायचा. त्यावर चिठ्ठ्या, ‘देश सोडून जात आहे, पलंग, फ्रिज, सोफा विकणे’, आणि खाली फोन नंबरच्या कातरलेल्या पट्ट्या. शुक्रवारी नमाजनंतर आम्ही त्या पट्ट्या फाडून हिंडायचो. आता हे सगळं मोबाइलवर होतं. मी म्हणायचो सगळं जुनं घेऊ. ती म्हणायची, दुसऱ्याच्या गादीवर मी झोपणार नाही. वादावादी होऊन एक नियम निघाला, तो आजही मला पटतो. ज्याला रोज अंग लागतं ते नवं, म्हणजे गादी, उशा, चादरी. बाकी सगळं जुनं चालेल, टेबल, कपाट, शेल्फ. यात दोघांचंही राहिलं.

गादीखाली पलंग मात्र जुना मिळेना, म्हणून नवा घ्यावा लागला, सुट्या भागांचा. हे सुट्या भागांचं फर्निचर ही मोठी गमतीची गोष्ट आहे. स्वीडनमध्ये इंग्वार कॅम्प्राड यांनी १९४३ मध्ये आयकिया ही कंपनी काढली. १९५६ च्या सुमारास तिथल्या गिलिस लुंडग्रेन नावाच्या माणसाला एक टेबल मोटारीत मावेना, म्हणून त्यानं त्याचे पाय काढले. त्यातून फर्निचर सुटं, चपट्या खोक्यात विकायचं आणि गिऱ्हाइकानं घरी जोडायचं ही पद्धत तिथं रुजली. जगभर भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांना ती सोयीची पडली. आपल्याकडे त्यांचं पहिलं दुकान २०१८ मध्ये हैदराबादला निघालं, पण आखातात गेलेल्या आपल्या लोकांना ते खोकं आणि ती वाकडी छोटी किल्ली आधीपासून ठाऊक होती.

पलंग जोडायला आम्हाला एक अख्खा शुक्रवार लागला. मी चित्रं बघून सांगायचो, ती स्क्रू पिळायची. मग तिच्या लक्षात आलं की मी चित्र उलटं धरलंय. मग ती सांगू लागली आणि मी पिळू लागलो. एक फळी उलटी बसली, तिची खरबरीत कड पुढे आली. पुन्हा सगळं उसकटायची ताकद कोणात नव्हती. ती कड आठ वर्षं तशीच राहिली आणि आलेल्या प्रत्येकाला आम्ही ती कौतुकानं दाखवली. पुढे वाचनात आलं, की हार्वर्डचे मायकेल नॉर्टन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याच गोष्टीवर अभ्यास प्रसिद्ध केला आहे. स्वतःच्या हातानं जोडलेली वस्तू माणसाला तशाच आयत्या वस्तूपेक्षा अधिक मोलाची वाटते. पण त्यात एक अट आहे. काम पुरं झालं तरच. अर्धवट सोडलं किंवा जोडून पुन्हा मोडलं तर ते प्रेम उरत नाही. संसाराला यापेक्षा चांगला दाखला कुठला?

आता बसण्याचा प्रश्न. मला भारतीय बैठक हवी होती, तिला पाहुण्यांना नीट बसता येईल असं काही. तोडगा भलतीकडूनच सापडला. माझ्या कचेरीतल्या एका अरबानं आम्हाला घरी बोलावलं. त्यांची बैठकीची खोली, मजलिस. तीन भिंतींना लागून जमिनीवर जाड गाद्या, पाठीला तक्के, मध्ये गालिचा आणि कॉफीची किटली. त्या मजलिसला पुढे २०१५ मध्ये युनेस्कोनं मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. बायका दुसऱ्या खोलीत बसल्या होत्या, तिथंही तशीच बैठक. परतताना बायको म्हणाली, “ही तर आपल्याकडची लोड-तक्क्यांची बैठक झाली. एवढ्या मोठ्या माणसाला जमिनीवर बसायला लाज वाटत नाही, तर मला कशाला?” पुढच्या शुक्रवारी आम्ही दोन गाद्या आणि चार तक्के आणले. खोळी तिनं स्वतः शिवल्या, गावाहून आणलेल्या कापडाच्या. मला बैठक मिळाली, तिला पाहुण्यांची जागा.

मी शब्दांत रमणारा माणूस, म्हणून एक गंमत सांगतो. ज्याला आपण विलायती समजतो तो सोफा हा शब्द मूळचा अरबी आहे, ‘सुफ्फा’, म्हणजे बसायचा ओटा. इंग्रजी मॅट्रेसही अरबीतूनच गेलेला, अंथरूण टाकायची जागा असा त्याचा मूळ अर्थ. आपली खुर्ची म्हणजे अरबी ‘कुर्सी’. दिवाण फारसीतून आला. तिथं तो दरबार होता, मग दरबारातली बैठक झाला आणि आपल्या घरात येऊन लाकडी पेटीचा पलंग झाला. म्हणजे माणसांच्या आधी त्यांच्या बसायच्या वस्तूच देशोदेशी हिंडून आल्या आहेत. त्यांना कुठे परकं वाटलं नाही.

पण तडजोड एकदा केली की संपली, असं नसतं. २००२ मध्ये माझी आई तीन महिन्यांसाठी आली. तिचे गुडघे दुखायचे. तिला खाली बसता येईना, बसली तर उठता येईना. पहिल्या दिवशी ती पलंगाच्या कडेवर बसून जेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तर बैठक एका भिंतीला सरकली होती आणि समोर एक तीन जणांचा तपकिरी सोफा होता. जुना, दीडशे दिरहमचा. सातारकर वहिनींच्या यजमानांनी तो खांद्यावरून वर चढवला होता. बायकोनं मला विचारलं नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात आई त्यावर टेकली आणि म्हणाली, “आता कशी माणसात बसल्यासारखी वाटते.” पाच वर्षं चाललेल्या वादाचा निकाल असा लागला. आई गेल्यावर तो सोफा सर्वांत जास्त कोणी वापरला, तर मी. शारजात मी ज्या कविता लिहिल्या त्या बहुतेक त्याच्या डाव्या कोपऱ्यात बसून लिहिल्या. बायको अजून त्यावरून बोलते.

हा प्रश्न आखातापुरता नाही. माझी भाची लग्नानंतर जर्मनीत गेली. तिथली तऱ्हा और. भाड्याची घरं पुष्कळदा स्वयंपाकघराशिवाय मिळतात. म्हणजे खोली असते, पण ओटा, कपाटं, शेगडी, कधीकधी सिंकसुद्धा नसतं. आधीच्या भाडेकरूकडून ते विकत घ्यायचं नाहीतर नवं बसवायचं. दोघांच्या गाद्या वेगळ्या आणि पांघरुणंही वेगळी, ही तिथली साधी रीत. भाचीच्या सासूबाईंना वाटलं, पोरांचं बिनसलं की काय! भाचीला नवा ओटा हवा होता, जावईबापू म्हणत होते जुनाच घेऊ, दोन वर्षांत परत जायचं आहे. तिनं मला फोन केला. मी विचारलं, “जायचं आहे, हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय का?” पलीकडे शांतता. तिथला हिशेब आखातासारखा नाही. शिकलेल्या नोकरदारांना मिळणाऱ्या ब्लू कार्डवर जर्मन भाषेची ठरावीक पातळी गाठली तर २१ महिन्यांत कायम राहण्याचा परवाना मागता येतो. आखातात आम्हाला जा म्हणणारं कोणीतरी होतं. तिथं राहायचं की जायचं, हे दोघांनाच ठरवावं लागतं. त्यामुळे त्यांचा ओटा आमच्या सोफ्यापेक्षा अवघड. त्यांनी काय केलं? बोलायला दोन रविवार घेतले आणि मग जुना ओटा घेतला, पण पोळीचा तवा नीट बसेल अशी शेगडी नवी घेतली. तेवढं पुरे झालं.

तेव्हा ज्यांची मुलं-सुना, लेकी-जावई बाहेर आहेत, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं की ‘एवढा खर्च कशाला’ म्हणू नका आणि ‘एवढंच सामान?’ असंही म्हणू नका. आणि जी जोडपी तिकडे आहेत त्यांनी एकेक वस्तू अशी ठेवावी, जिच्यावर दुसऱ्यानं बोलायचं नाही. माझी पुस्तकं होती, तिचा तो तडकलेला पाट होता. बाकी सगळ्यावर खुशाल भांडावं.

२००६ मध्ये आम्ही परतलो. सोबत आले ते तक्क्यांच्या खोळी, पाट आणि पुस्तकांची खोकी, तीनाची सात झालेली. बायकोनं खोकी मोजली, बोलली मात्र काही नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी फळ्यावरची चिठ्ठी वाचून एक नवं जोडपं सोफा बघायला आलं. कोल्हापूरकडचं, मुलगी येऊन आठवडाही झाला नव्हता. नवरा दारातच तिला हळू आवाजात म्हणत होता, “अगं, कशाला? दोन वर्षांचा तर प्रश्न आहे.” ती काही न बोलता सोफ्याकडे बघत उभी होती.

मी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. माझी बायको त्या मुलीला म्हणाली, “आधी बस तर खरी. चहा टाकते.”